टाळी कुठे, सम कुठे?

जॅझ ऐकायला (आणि एका पत्रात वाजवायलाही) पहिल्यांदा निघालेल्या वाचकांची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. नावे वगळून फक्त राहण्याचे ठिकाण दिले आहे.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही नवराबायको नाट्यसंगीत, भावगीतं ऐकणारे. जॅझ समोर बसून कधी ऐकलेला नाही. लग्नाच्या वाढदिवसाला एखाद्या जॅझ क्लबात जावं असं मनात आहे. जागा कशी निवडायची? खर्चाचा अंदाज कसा बांधायचा? दारू दोघंही घेत नाही.

उत्तर: सातही दिवस जॅझच वाजतो अशी जागा मुंबईत शोधत बसू नका. बहुतेक ठिकाणी आठवड्यातला एखादा वार जॅझला दिलेला असतो, बाकीचे दिवस कॉमेडीपासून डीजेपर्यंत काहीही. म्हणून आधी वादक निवडा, मग जागा. जाहिरातीत वादकांची नावे वाद्यांसह छापली असतील, म्हणजे पियानोवर कोण, बासवर (खर्जातले तंतुवाद्य) कोण, ड्रम्सवर कोण, तर कार्यक्रम बहुधा खरा. नुसते 'जॅझ नाइट' आणि खाली सरबताचा रंगीत फोटो असेल, तर लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर एखादा सॅक्सोफोन, एवढेच पदरात पडण्याची शक्यता जास्त. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही डोंबिवलीहून येणार ते त्यासाठी नव्हे.

फोन करून दोन गोष्टी विचारा. बास आणि ड्रम्स प्रत्यक्ष आहेत का? आणि पहिला सेट किती वाजता? 'कार्यक्रम किती वाजता' असे विचारलेत तर दार उघडण्याची वेळ सांगतात आणि तुम्ही दीड तास सूप पीत बसता. एक सेट साधारण पाऊण ते एक तासाचा, मध्ये वीस-तीस मिनिटांची विश्रांती, मग दुसरा सेट. नवख्याने पहिला सेट चुकवू नये. तेव्हा गर्दी आणि गोंगाट कमी, वादक ताजे आणि रचनाही सहसा ओळखीच्या वळणाच्या. दुसऱ्या सेटमध्ये बाहेरचे पाहुणे वादक चढतात, सोलो लांबतात. ते ऐकायला थोडा सराव लागतो.

क्लबच्या गोंधळाचा धसका वाटत असेल तर सुरुवात सभागृहापासून करा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम वर्षभर अधूनमधून असतात आणि नोव्हेंबरच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव भरतो. तिथे तिकीट, ठरलेली खुर्ची आणि वेळेवर सुरुवात असते. चर्चगेटहून चालत अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. तोटा एकच, वादक लांब असतात आणि त्यांची आपसातली नजरानजर दिसत नाही. जॅझमध्ये ती दिसणे ही निम्मी मजा आहे.

आता पैसे. क्लबात दोन प्रकार असतात. एक, सरळ तिकीट. हे पैसे वादकांचे आणि जागेचे, खाणे वेगळे. दुसरा, कव्हर चार्ज (प्रवेशासाठी आकारलेली रक्कम), जो बऱ्याचदा बिलातून वळता होतो. वळता होणार की नाही, हे टेबल राखतानाच विचारून घ्या. समजा दोघांचे मिळून २००० रुपये कव्हर भरले आणि ते पूर्ण वळते होणारे आहे. तुम्ही २४०० रुपयांचे खाल्ले. त्यावर साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के जीएसटी, म्हणजे १२० रुपये. एकूण २५२०, त्यातून २००० वजा, हातचे ५२० द्यायचे. जागा मोठ्या तारांकित हॉटेलात असेल तर जीएसटी १८ टक्के धरा. खाणे १५०० रुपयांचेच झाले तर उरलेले बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत, म्हणून दारू न घेणाऱ्यांनी जेवण तिथेच उरकावे.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो सक्तीने लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. वाढणाऱ्याला खुशीने काही द्यायचे तर त्याच्या हातात द्या. वादकांसमोर बरणी किंवा क्यूआर कोड ठेवला असेल तर त्यातही घाला.

कपड्यांची फार चिंता नको. चपला आणि अर्धी चड्डी टाळा, बाकी पैठणीपासून जीन्सपर्यंत सगळे चालते.

प्रश्न (मुलुंड): मैत्रिणीच्या आग्रहाने एकदा गेले. एक ओळखीची चाल सुरू झाली, मिनिटाभरात हरवली, मग प्रत्येक जण मनाला येईल ते वाजवत होता. लोक मध्येच टाळ्या वाजवायचे, मी सगळ्यात शेवटी. काय चाललंय हे कळायला काय करावं?

उत्तर: मनाला येईल ते कोणीच वाजवत नव्हते. चाल थांबली तरी तिच्याखालचा आराखडा जसाच्या तसा फिरत असतो. तो आराखडा मोजायला शिकलात की निम्मे कोडे सुटते, आणि तुम्ही ख्याल ऐकणाऱ्या असाल तर आवर्तनाची सवय तुम्हाला आहेच.

चार मात्रांचा एक बार (खालच्या मजल्यावरचा नव्हे). जुन्या लोकप्रिय गाण्यांवरच्या बहुतेक रचना ३२ बारांच्या असतात, आठ-आठचे चार भाग. पहिला भाग अस्थायीसारखा, दुसऱ्यांदा तोच, तिसरा वेगळ्या चालीचा म्हणजे आपला अंतरा समजा, चौथ्यात पुन्हा अस्थायी. आठ बार म्हणजे ३२ मात्रा, तीनतालाची दोन आवर्तने. सगळी रचना मिळून तीनतालाची आठ आवर्तने. या ३२ बारांच्या एका फेरीला वादक 'कोरस' म्हणतात. सुरुवातीला चाल एकदा पूर्ण वाजते, ते 'हेड'. नंतर एकेक वादक त्याच कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) फेरीवर दोन, चार, दहा कोरस घेतो, तो त्याचा सोलो. शेवटी हेड पुन्हा येते आणि रचना संपते.

दुसरा नेहमीचा साचा ब्लूजचा, १२ बारांचा, म्हणजे ४८ मात्रा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर ब्लूजचा एक कोरस २४ सेकंदांत संपतो आणि ३२ बारांचा ६४ सेकंदांत. पहिल्याच दिवशी मोजायला ब्लूज घ्या. वादक रचनेच्या आधी नुसते 'ब्लूज इन एफ' म्हणाला तरी कान टवकारा.

मोजायचे असे: प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर बारचा आकडा म्हणायचा. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असे बारापर्यंत. हेड चालू असतानाच मोजणी बसवा. ब्लूजचे हेड बऱ्याचदा दोनदा वाजते, तेव्हा पहिल्यांदा ऐका आणि दुसऱ्यांदा मोजा. मग सोलो सुरू झाला की सोलोवाल्याकडे दुर्लक्ष करून बास ऐका. बासवाला मात्रागणिक एक स्वर, असे चालत राहतो. लय त्याच्याकडे असते आणि कॉर्ड कुठे बदलली हेही बहुधा त्याच्याच पहिल्या स्वरात कळते. ड्रमरचा डावा पाय दोन आणि चार या मात्रांवर हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) मिटतो, 'चक्' असा बारीक आवाज येतो. मोजणी सुटली की त्या आवाजावर दोन-चार धरायचे आणि पुन्हा चढायचे.

ती सुटते कुठे, तेही सांगतो. पहिली जागा म्हणजे सोलोवाला अचानक दुपटीने वाजवू लागतो. लय वाढली असे वाटते, पण बास होता तसाच चालत असतो, त्याला सोडू नका. दुसरी जागा ड्रम्सचा सोलो: बास आणि पियानो थांबतात, कॉर्ड ऐकू येत नाहीत, तरी फेरी आतल्या आत चालूच असते. हेडची चाल मनात गुणगुणत राहा. कसलेला ड्रमर तुमच्याबरोबरच फेरी संपवतो. तिसरी जागा सगळ्यात फसवी. ख्यालात मुखडा दर आवर्तनाला समेवर येऊन आपल्याला हात देतो, मान डोलते. जॅझमध्ये असा मुखडा येत नाही. उलट चांगला वादक वाक्य मुद्दाम सम ओलांडून नेतो आणि पुढच्या कोरसच्या दुसऱ्या-तिसऱ्या बारात संपवतो. समेची वाट पाहत बसलात तर सारखी हुकल्यासारखी वाटेल. ती वादकाच्या बोटांत शोधू नका, बास आणि ड्रम्स मिळून कुठे एकदम जोर देतात तिथे शोधा.

शेवटचे हेड यायच्या आधी बरेचदा 'चारचार' चालतात. सोलोवाला चार बार, मग ड्रमर चार बार, अशी आळीपाळी. ३२ बारांत दोघांच्या वाट्याला चार-चार पाळ्या बरोबर येतात. ब्लूजमध्ये मात्र बारा बारांत तीनच पाळ्या बसतात, म्हणून पहिल्या कोरसची सुरुवात सोलोवाल्याने केली तर पुढच्याची ड्रमरकडून होते. हे एकदा लक्षात आले की ब्लूजच्या चारचारांत कोण कुठे घसरतो ते तुम्हीच सांगाल.

टाळी: सोलो संपला की लगेच, थोडकी. पुढच्याचा सोलो सुरू झालेला असतो, तो तुमच्या टाळ्यांखाली दबू नये. सोलो संपल्याची खूण म्हणजे वादक वाद्य खाली घेतो किंवा अर्धे पाऊल मागे सरकतो. संथ बॅलड असेल तर मध्ये टाळी न देता शेवटपर्यंत थांबणे केव्हाही बरे. आणि बासचा सोलो सुरू झाला, आवाज उतरला, म्हणजे गप्पा मारायची वेळ झाली असे अर्ध्या खोलीला का वाटते ते देव जाणे. लयीबरोबर टाळी धरायची हौस असेल तर ती दोन आणि चारवर. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो आणि मग पहिल्या रांगेतला एकच माणूस सगळ्या बँडला उलटा ओढत बसतो.

प्रश्न (विलेपार्ले): टेबल कुठलं मागावं? जेवण कधी मागवावं? फोनवर रेकॉर्ड केलं तर चालतं का, आणि फर्माईश?

उत्तर: ग्रँड पियानो असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या हाताला बसा. झाकण उजवीकडे उघडावे म्हणून पियानो असा ठेवतात की कळपट्टी तुमच्या डावीकडे येते. त्या बाजूने वादकाचे हात दिसतात. वादकांपासून चार-सहा मीटर अंतर चांगले. अगदी पुढच्या टेबलावर ड्रम्सच्या झांजा बाकी सगळ्यांना खाऊन टाकतात. बार काउंटरजवळचे टेबल नको, कारण बर्फ हलवण्याचा आवाज नेमका हळुवार जागी येतो.

कानाचेही बघा. सतत ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असे धरतात आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती उरते पंधरा मिनिटे. छोट्या खोलीत ड्रम्सच्या जवळ तेवढा आवाज सहज होतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे खिशात ठेवा.

जेवण सेट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी किंवा विश्रांती लागल्या लागल्या मागवा. सिझलर तर मुळीच नको. फोनवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, फ्लॅश बंद आणि पडद्याचा उजेड कमी करून. सबंध सेट टिपायचा तर आधी विचारावे. फर्माईश विश्रांतीत, चिठ्ठीवर किंवा तोंडी, एकच. हिंदी सिनेमातले गाणे सांगितलेत तरी कोणी हसणार नाही, मात्र त्याच्या कॉर्ड बँडला येत असतील असे नाही.

प्रश्न (दादर): मी पेटी वाजवते, भजनाला आणि नाट्यपदांना साथ करते. आता कीबोर्डही जमतो. जॅम सेशनमध्ये कोणीही जाऊन वाजवू शकतं असं ऐकलं. मला जायचं आहे. तयारी काय करू?

उत्तर: जाऊ शकता, तयारी मात्र मोजकी आणि पक्की करा. दहा रचना अर्धवट येण्यापेक्षा एफमधला ब्लूज पाठ असू द्या. एफ म्हणजे तुमची पांढरी चार. बहुतेक सगळ्या जॅममध्ये तो वाजतो आणि कोणालाच कागद लागत नाही.

पांढरी चारला सा धरून बारांचा हिशोब असा: पहिले चार बार सा ची कॉर्ड, पाच-सहा मध्यमाची, सात-आठ परत सा ची, नववा पंचमाची, दहावा मध्यमाची, अकरा-बारा सा ची. (जॅझवाले बऱ्याचदा नवव्यात रिषभाची आणि दहाव्यात पंचमाची कॉर्ड घेतात, ते बास ऐकून कळेल.) सगळ्या कॉर्ड सातव्या स्वरासह, म्हणजे कोमल निषादासह. पण चारही स्वर दाबायची गरज नाही. प्रत्येक कॉर्डचे दोनच स्वर पुरतात, तिचा गंधार आणि तिचा कोमल निषाद. सा च्या कॉर्डसाठी पांढरी सहा आणि काळी दोन. मध्यमाच्या कॉर्डसाठी ही दोन्ही बोटे फक्त अर्ध्या स्वराने खाली सरकवा: काळी चार आणि पांढरी दोन. पंचमासाठी मूळ जागेवरून दोन्ही बोटे अर्धा स्वर वर: काळी पाच आणि पांढरी तीन. तीन जागा, दोन बोटे, सगळा ब्लूज उभा. हे पेटीच्या मधल्या सप्तकाच्या आसपासच ठेवा. खालचा पट्टा बासवाल्याचा आहे, तिथे डावा हात घातलात की चिखल होतो.

सोलोसाठी स्वर: सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. धानीत तीव्र मध्यम घातला असे समजा. डावीकडच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आणि उजवीकडे चालीत कोमल गंधार, हे तुमच्या कानाला आधी खटकेल. खटकू द्या, ब्लूजची चव त्यातच आहे. तीव्र मध्यमावर मात्र मुक्काम करू नका. म कडून प कडे किंवा उलट जाताना तो वाटेत लागला पाहिजे.

लयीचे वळण वेगळे आहे. दुगुन वाजवताना दोन्ही स्वर सारख्या लांबीचे ठेवू नका. मात्रेचे तीन भाग कल्पा, पहिले दोन जोडून पहिला स्वर, उरलेल्या एका भागात दुसरा. मध्यम लयीत हे प्रमाण असे दोनास एकच्या आसपास असते. लय वाढली की फरक कमी होत होत दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होतात. जलद लयीत तिस्राचा हेका धरला की वाजवणे लंगडते.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे. गायकाच्या मागोमाग त्याचीच जागा पेटीवर उमटवायची, ही तुमची इतक्या वर्षांची सवय. इथे ती दारातच ठेवून यावी लागेल. जॅझमध्ये दुसऱ्याच्या सोलोखाली तुम्ही फक्त कॉर्ड द्यायच्या, त्याही तुटक, अधूनमधून, त्याने श्वास घेतला त्या फटीत. त्याचे वाक्य परत वाजवलेत तर त्याला ते अडवल्यासारखे होते. पेटीचा सूर धरून ठेवायची सवयही सोडा आणि कीबोर्डचे सस्टेन पेडल दाबून ठेवू नका. गिटारवाला आधीच कॉर्ड देत असेल तर त्याच्या वेळेला तुम्ही हात मांडीवर ठेवा. दोघांनी एकाच वेळी दिल्या की टकरा होतात.

प्रत्यक्ष दिवशी: पहिला सेट ठरलेल्या बँडचा असतो, तो ऐका. विश्रांतीत बँडच्या म्होरक्याला भेटून नाव, वाद्य आणि रचना सांगा, 'ब्लूज, एफमध्ये, मध्यम लय'. लय तुम्हालाच द्यायला सांगतील. घाबरल्यामुळे सगळेच जलद लय देतात आणि मग स्वतःच धापा टाकतात. आधी हेडचे पहिले दोन बार मनात म्हणा, ते ज्या लयीत नीट म्हणता आले ती द्या. मोजताना पहिल्या बारात 'वन' आणि 'टू' दोन-दोन मात्रांवर, दुसऱ्या बारात चारही आकडे मात्रेगणिक. सोलो पहिल्या वेळी दोनच कोरस घ्या. मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत ते चाळीस सेकंदांच्या आत संपतील, आणि पुष्कळ वाटतील.

खुणा पाठ हव्यात. हात डोक्यावर ठेवला म्हणजे पुढच्या कोरसला हेड. चार बोटे म्हणजे ड्रमरबरोबर चारचार. बंद मूठ म्हणजे थांबायचे. शेवटची ओळ बऱ्याचदा तीनदा म्हणून संपवतात, तेव्हा पहिल्यांदा संपली की हात उचलू नका, म्होरक्याकडे बघा.

ब्लूजऐवजी दुसरी रचना नेणार असाल तर कागदाच्या प्रती न्या आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाल्यांचा हिशोब लक्षात ठेवा. तुमचा एफ ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनच्या कागदावर जी (पांढरी पाच) होतो, आल्टोच्या कागदावर डी (पांढरी दोन). पेटी नेऊ नका. पेट्या ४४० ला (पांढरी सहा ४४० हर्ट्झ, या प्रमाण सुराला) लावलेल्या असतातच असे नाही, आणि माइकमध्ये ती ड्रम्सपुढे टिकत नाही.

प्रश्न (गिरगाव): आमच्या घरात जुनी माणसं रंगभवनातल्या जॅझच्या गोष्टी सांगतात. आता तिथे काहीच होत नाही. मुंबईतला जॅझ गेला कुठे?

उत्तर: थोडा सिनेमात गेला, थोडा बंद दारांआड. १९३५ मध्ये लिऑन अॅबी या आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडे बघत गोव्याचे वादक तयार झाले. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून वीसेक वर्षे ताजमध्ये होता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमुळे या वादकांना स्वरलिपी वाचता-लिहिता यायची, आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंना नेमकी तीच माणसे हवी होती. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतली रात्र आखडली, तेव्हा दिवसाचे रेकॉर्डिंग हा मोठा आधार झाला. 'अलबेला'त (१९५१) पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालींमागे जो पितळी झणका आहे, त्यात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा हात आहे. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड हेही त्याच वाटेने आले.

१९५८ मध्ये अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची चौकडी मुंबईत वाजवून गेली. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजले. रंगभवन बंद पडले ते रसिक आटले म्हणून नव्हे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळा-महाविद्यालये, रुग्णालये आणि न्यायालयांपासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि रंगभवनाच्या शेजारी सेंट झेवियर्स महाविद्यालय आहे, रुग्णालये आहेत. नियम योग्यच आहे. रंगभवनाला त्या तोडीची पर्यायी खुली जागा कोणी दिली नाही ही तक्रार मात्र रास्त. त्याच नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद होतो, बंदिस्त जागेत चालतो. जॅझचा खरा रंग दहानंतर चढतो, म्हणून तो वातानुकूलित खोल्यांत गेला आणि तिकिटाबरोबर महागही झाला.

प्रश्न (बोरिवली): मला एकटीने जायला आवडेल. परत येण्याचं गणित कसं जमवू?

उत्तर: एकटीने ऐकायला जाणे जॅझमध्ये अगदी रूढ आहे. टेबलाऐवजी काउंटरवरची खुर्ची मागा. तिथून रंगमंच दिसतो का तेवढे विचारा. गोंगाट पत्करावा लागेल, पण चार जणांच्या टेबलावर एकटे बसवण्यावरून होणारी कटकट वाचते.

दक्षिण मुंबईत गेलात तर पहिला सेट आणि दुसऱ्याचा अर्धा ऐकून सव्वाअकराला निघा. चर्चगेटहून शेवटची बोरिवली रात्री एकच्या सुमारास सुटते, पण तिच्या भरवशावर राहू नका. शनिवारी रात्री कधी कधी ब्लॉक असतो, तेव्हा त्या दिवशीचे वेळापत्रक दुपारीच बघून घ्या. महिलांच्या डब्यात रात्री पोलीस किंवा होमगार्ड असतो. तो दिसला नाही तर गार्डजवळचा डबा धरा. रेल्वेचा मदत क्रमांक १३९, पोलिसांचा ११२.

वांद्र्यात किंवा खारला गेलात तर सोपे, रिक्षा मिळते. वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा नाही, टॅक्सीच. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जादा, रिक्षालाही आणि टॅक्सीलाही. म्हणजे मीटरवर २०० आले तर २५० द्यायचे, त्यावर घासाघीस नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपासचे दिवस टाळा. अशा कोरड्या दिवशी (ड्राय डे, दारूविक्री बंद) क्लबवाले बऱ्याचदा कार्यक्रमच रद्द करतात, आणि जाहिरातीतले पान तसेच राहते.

घरी कोणी अठरा-एकोणीस वर्षांचे असेल आणि सोबत न्यायचे असेल तर आधी विचारा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षे ही अट पिण्याला आहे, पण अनेक जागा २१ खालच्यांना दारातूनच आत घेत नाहीत. ओळखपत्र मूळ न्या, फोनमधला फोटो दारावरचा माणूस मानेलच असे नाही.